डावीकडची क्रुसिबल

१३ नोव्हें. २००६
दुपारी लाइट गेली ती थेट संध्याकाळी आली. ओव्हनमधली माझी तिसरी बॅच पण वाया. पाच दिवस सलग तापायला हवं, आणि भिवंडीत पाच तास लाइट टिकत नाही. तीन वर्षं एकच रडगाणं: झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या जाळीत व्हॅनेडियम धातू बसवायचा. बसत नाही मेला.
मनीषा माझ्या दोन वर्षं मागे, त्याच सरांकडे पीएच.डी. करते. म्हणाली, "ताई, वळ गावात आमचा गाळा हाय ना, तिथं जनरेटर हाय. ओव्हन तिकडंच नेऊ." हिला सगळंच सोपं.

१५ नोव्हें.
ओव्हन म.च्या वडिलांच्या टेम्पोतून वळ गावी नेला. आत तिचं भांडं आणि माझं, शेजारी शेजारी. सर म्हणाले, "बघा, डोकं चालवलं मनीषानं." माझं तीन वर्षं चालतंय ते दिसलं नाही. तिच्या आईने आग्रहाने जेवायला बसवलं. भाकरी, सुकट. चव अजून जिभेवर आहे. त्याचाही राग आला.

२१ नोव्हें.
दोघींचीही पांढरी पूड निघाली. दिसायला एक. आता आपापल्या क्रुसिबलमध्ये, म्हणजे चिनीमातीच्या वाटीत, साडेपाचशे डिग्रीच्या भट्टीत. म.च्या चुलतभावाची हळद, तिला घाई. "तूच ठेव ना ताई दोन्ही." ठेवल्या. क्रुसिबलवर मार्करने नावं घातली.

२२ नोव्हें.
मार्कर जळून गेला. दोन्ही क्रुसिबल कोऱ्या! एम.एस्सी.च्या पोरी करतात ती चूक, आणि मी केली. डावीकडे माझी ठेवली होती. बहुतेक.

२३ नोव्हें.
दोन्ही पुडी पाण्यात धुतल्या. व्हॅ. जाळीत बसलं असेल तर निघत नाही, नुसतं चिकटलं असेल तर पाणी पिवळं होतं. उजवीचं पाणी पिवळंधमक. डावीचं स्वच्छ.
सर : डावी कुणाची?
मी : माझी.
विचारसुद्धा केला नाही. सोमवारी नमुना पुण्याला तपासायला जाणार, पेपरवर पहिलं नाव माझं.
म.चे हात हळदीने अजून पिवळे. म्हणाली, "बरं झालं ताई, तुझं कवाचं अडलं होतं. माझं काय, होईल पुढं." मनापासून म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२५ नोव्हें.
क्रुसिबल घासत होते. डावीच्या बुडाशी तपकिरी ठिपका. उजवीला काही नाही.
लोखंडाच्या क्षाराचा ठिपका भट्टीत जळत नाही, उलट पक्का होतो. म. तिच्या प्रत्येक भांड्याला घालते. मीच शिकवलं होतं, ती आली त्या आठवड्यात, ती मला आवडायची तेव्हा. स्वतः मात्र आळस करून मार्कर.
म्हणजे तिचं बसलं. पहिल्याच फेरीत. माझं तीन वर्षांनीही पाण्यातून वाहून गेलं. जळते मी तिच्यावर, इथे तरी लिहायला काय हरकत आहे. क्रुसिबल माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. पालथी नाही, सुलटी, ठिपका खाली.

२७ नोव्हें.
सर चारला नमुन्याची बाटली न्यायला येणार. पावणेचार झालेत. लेबल लिहायला म.ने माझ्यापुढे सरकवलं. "तूच लिही ताई, तुझं अक्षर छान हाय." लेबलावर तारीख घातली, पदार्थ लिहिला. नावाची जागा तेवढी...
म. चहा आणायला गेलीय. माझाही आणते म्हणाली. ड्रॉवर उघडा आहे.