तिसऱ्या रविवारच्या आधी

प्रिय अक्का,

काल चर्चमध्ये भावोजींचं नाव दुसऱ्यांदा वाचलं गेलं. तुझ्या व्हिन्सेंटचं नाव, आणि शेजारी स्टेला नावाच्या बाईचं. त्यांच्या पद्धतीप्रमाणे लग्नाआधी तीन रविवार नावं वाचतात आणि कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर फादरना कळवा असं सांगतात. आता एकच रविवार उरलाय. आणि मला एक गोष्ट ठाऊक आहे. ती ठाऊक असलेली दोनच माणसं होती, तू आणि मी. त्यातली तू गेलीस, त्याला आता सव्वा वर्ष होईल.

म्हणून लिहितेय. रागावशील तर रागाव, पण आधी वाच.

तीन आठवड्यांपूर्वी भावोजी आमच्याकडे बोगादीला आले. हातात केळ्यांची फणी. पंचवीस वर्षं ते आपल्याकडे कधी रिकाम्या हाताने आले नाहीत, आठवतं? दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसले आणि कानडीतच म्हणाले, ‘सुमा, तू अक्काची तंगी, धाकटी बहीण. तू नको म्हटलंस तर नको.’

मी म्हटलं, ‘कशाला नको?’

मग त्यांनी सांगितलं. स्टेला शाळेत शिकवते. विधवा आहे. चर्चमध्ये गाते. आणि मला बरं वाटावं म्हणून की काय, घाईघाईने पुढे म्हणाले, ‘तिला स्वयंपाक येत नाही. सांबारसुद्धा नाही.’

हसावं की रडावं, तूच सांग! मी केळी घेऊन आत गेले आणि ओट्यापाशी उगीच उभी राहिले. बाहेर आले तेव्हा ते खाली बघत होते. म्हणाले, ‘आवत्तु आस्पत्रेयल्ली, अवळु नीरू केळिद्ळा?’ त्या दिवशी हॉस्पिटलात तिने पाणीच मागितलं होतं ना?

मी म्हटलं, ‘हौदु, हो. पाणीच.’

अक्का, तू पाणी मागितलं नव्हतंस.

ती दुपार मला क्षणाक्षणाने आठवते. तू जायच्या तीन दिवस आधीची. भावोजी खिडकीशी मोसंबी सोलत होते. तू माझा हात धरलास आणि मराठीत, आपल्या घरच्या मराठीत म्हणालीस, ‘सुमे, यांना दुसरं लग्न करू देऊ नकोस. मी तिथे वाट बघणार आहे.’ भावोजींना आपलं मराठी जेवणापुरतंच आलं. वाढ, पुरे, मीठ कमी. त्यांनी मान वर केली, ‘एनंते?’ काय म्हणते? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘पाणी हवंय म्हणते.’

ते धडपडत उठले. तुझ्या मानेखाली हात घालून त्यांनी ग्लास धरला. ग्लासाच्या काठावरून तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मला अजून उलगडत नाही.

का म्हणालीस ग तसं? तू? लग्न म्हणजे काय हे मला ज्या अक्काने शिकवलं, तिने?

मी एकोणीस वर्षांची होते. नजरबादच्या घरी स्वयंपाकघरात तुझं आणि अप्पांचं भांडण चाललं होतं. अप्पा ओरडले, ‘आपल्यात सात जन्मांची गाठ. त्यांच्यात काय? मरेपर्यंत! म्हणजे मुदतीचं लग्न!’ सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला मुदत हा शब्द पहिला सुचणारच. आणि तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, ‘अप्पा, सात जन्म आहेत म्हटलं की माणूस निवांत होतो. हा चिडचिडीत गेला तरी सहा शिल्लक. त्यांच्याकडे एकच आहे. म्हणून सगळंच्या सगळं आत्ताच द्यावं लागतं.’

मग चर्चमध्ये हरकती मागवतात हे त्यांना माझ्याकडून कळलं (हो, मीच सांगितलं, एवढी वर्षं तुला बोलले नाही), आणि त्यांनी काय केलं? फुलस्केप कागदावर रीतसर हरकत-अर्ज लिहिला! तीन प्रतींत. सोबत तुझी पत्रिका जोडलेली. मला बरोबर घेऊन ते म्हाताऱ्या फादरांसमोर जाऊन बसले. एक, पत्रिका जुळत नाही, म्हणजे वराची पत्रिकाच नाही. दोन, मांसाहार. तीन, मुलीने बापाला विचारलं नाही.

फादरांनी चष्मा लावून सगळा अर्ज वाचला. मग विचारलं, ‘मुलीवर कोणी जबरदस्ती करतंय का?’

‘तिच्यावर?’ अप्पा म्हणाले, ‘ती आमच्यावर करतेय!’

फादर हसले नाहीत. म्हणाले, ‘तसं असतं तर मी हे लग्न थांबवलं असतं. खरं लपवून किंवा दडपणाखाली दिलेलं वचन आमच्याकडे वचनच नाही. तुमचा तिसरा मुद्दा वाचून मला वाईट वाटलं. पण तो अडथळा नाही.’

अप्पांनी पोच मागितली. फादरांनी दिली! चर्चचा शिक्का मारून, तारीख घालून. अप्पांच्या पत्र्याच्या पेटीत ती होती, आता माझ्याकडे आहे.

तू धर्म बदलला नाहीस, त्यांनीही तसं कधी म्हटलं नाही. बिशपांची परवानगी आली. मग लग्नाआधीच्या त्या शिकवणीला सोबत म्हणून तू मला नेत असायचीस. फादर म्हणायचे, ‘लग्न मी लावत नाही. हे दोघं एकमेकांचं लावतात. मी साक्षीदार.’ घरी येऊन मी हे सांगितलं तर अप्पा म्हणाले, ‘मग दक्षिणा कशाची?’ फादरांचं आणखी एक वाक्य तू वाटेत पुन्हा पुन्हा घोळवत होतीस. व्यवहारात माणूस वस्तू देतो, इथे स्वतःला देतो. येशूने आपल्या माणसांवर जीव देऊन प्रेम केलं, त्याची खूण जगात दिसावी म्हणून नवरा-बायको असतात. मला ते फार मोठं वाटलं, थोडी भीतीही वाटली. तुला मात्र घरचंच वाटत होतं.

आणि तुम्ही तसे राहिलात. मूल झालं नाही. कोणी काही सुचवलं की भावोजी म्हणायचे, ‘वचनात ती अट नव्हती.’ तुझ्या आजारात तुझे केस विंचरायला शिकले. भांग वाकडा काढायचे. चर्चला निघताना तू म्हणायचीस, ‘राहू दे, चर्चात कोण बघतंय, देव बघेल.’

त्यांनी त्यांचं वचन पुरं केलं ना ग? शेवटच्या दिवसापर्यंत? मग त्यांच्यापुढची वाट तू का अडवलीस?

परवा मी इथल्या नव्या, तरुण फादरांना भेटले. नाव-गाव न सांगता विचारलं, ‘गेलेल्या बायकोने हरकत घेतली तर?’ ते चमकलेच. मग शांतपणे म्हणाले, ‘मृत्यूने तो माणूस मोकळा झाला. तिथे कोणी कोणाचा नवरा नाही, बायको नाही.’ मला ते ऐकवेना. माझा चेहरा पाहून त्यांनी समजावलं, ‘प्रेम संपतं म्हणून नाही हो. लग्न हा रस्त्यावरचा मैलाचा दगड आहे. हुणसूरकडून येताना हिनकलच्या दगडावर म्हैसूर किती राहिलं ते वाचतो आपण. पोचल्यावर दगड कशाला हवा?’

मैलाचा दगड म्हणे! तू दगड होतीस का? मी उठून बाहेर आले. चांगला मुलगा आहे, पण त्याने कोणाचे केस विंचरलेत?

तरीही ते वाक्य डोक्यातून जात नाही. खरंच तसं असेल, तर तू आत्ता कोणाची वाट बघत असशील? की तू आता पोचली आहेस, आणि त्या दुपारचं तुझं बोलणं फक्त घाबरलेल्या बाईचं होतं? मला कसं कळावं? दोन अक्का माझ्याशी बोलतात. एक पोळी लाटणारी, एक माझा हात धरणारी. मी कोणाचं ऐकू?

गप्प बसावं, असं मी दोन रविवार ठरवलं. तुझं बोलणं मराठीत होतं, मराठीतच राहू दे. त्यात सगळ्यांचं भलं आहे. पण काल चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. नावं वाचली गेली तेव्हा भावोजींनी मागे वळून पाहिलं. स्टेलाकडे नाही, माझ्याकडे. त्यांना संशय आहे, अक्का. ग्लास धरलेल्या दिवसापासून आहे. आणि तो मनात ठेवून ते त्या बाईला काय देणार? सगळंच्या सगळं? थोडं मागे राहीलच की, त्या खिडकीशी, मोसंबीच्या सालींजवळ. म्हणजे अडथळा तुझ्या बोलण्याचा नाही. माझ्या खोट्याचा आहे.

हे कळायला मला सव्वा वर्ष लागलं. अप्पांनी निदान त्यांची हरकत टेबलावर ठेवली होती!

तर तुला वचन देते. शनिवारी मी भावोजींकडे जाईन, तिसऱ्यांदा नावं वाचली जायच्या आधी. तू काय म्हणालीस ते शब्द न् शब्द सांगेन. आधी मराठीत, तू म्हणालीस तसं, मग कानडीत. ते रडतील. कदाचित लग्न मोडतील, आणि स्टेला जन्मभर मला क्षमा करणार नाही. कदाचित भावोजीही. मला फार भीती वाटतेय, अक्का. पण ठरवतील ते त्यांचं, मोकळेपणाने.

आणि एक त्यांना त्याच वेळी सांगेन. त्या दिवशी सकाळपासून दोन चमचे पाणी तुझ्या घशाखाली उतरत नव्हतं. तरी त्यांनी ग्लास धरल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस, मी खोटं बोलले हे तुला कळलं होतं, आणि तू नको म्हणून मान हलवली नाहीस. त्यांच्या हातून तू ते सगळं पाणी प्यालीस. ग्लास खाली ठेवताना मी पाहिला होता. रिकामा होता.

तुझी,
सुमी