सिनेमात खिडकी आतून दिसते

प्रिय आई,

तू गेल्याला आठ महिने झाले. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज बसले ती घाबरून. भर सकाळ आहे, दाराला कडी आहे, बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचतायत. तरी अक्षर वाकडं येतंय बघ!

तुझ्या त्या कादंबरीवर सिनेमा निघाला. हो, तीच! लग्नानंतर सांगलीहून बोईसरला येताना साडीच्या घडीत घालून आणलेली. माझ्या दहावीच्या सुट्टीत तू ती मला वाचून दाखवलीस. नायक सात वर्षं रोज तिच्या खिडकीसमोर उभा राहतो, ऊन म्हणत नाही की पाऊस म्हणत नाही. आणि शेवटी ती जिना उतरून खाली येते. किती रडलो होतो आपण दोघी!

रविवारी हेमाताई मला ओढूनच पालघरला सिनेमाला घेऊन गेली. मुरबे गावची ती, कंपनीत पॅकिंगला माझ्या शेजारी असते. तुला सिनेमा आवडला नसता. ती लांबलचक, गोड पत्रं गेली, त्यांच्या जागी मोबाइलवरचे मेसेज. भाषा तर पार सपाट! पण एक गोष्ट त्यांनी अशी बदलली की माझे हातपाय गार पडले. पुस्तकात आपण सतत त्याच्याबरोबर रस्त्यावर उभ्या असतो. सिनेमा खिडकीच्या आत आहे. ती पडदा ओढते, दिवा लावत नाही, कामाला जायची वाट बदलते. तो तिथेच. ती जिना उतरून त्याच्याकडे येतच नाही; गाव सोडून जाते.

आई, एवढ्या जाड पुस्तकात ती आत काय करत होती, हे आपण एकदाही कसं विचारलं नाही गं?

मला ते कळायला हवं होतं. गेल्या वर्षी तुला सांगितलं होतं ना, कंपनीच्या बसस्टॉपवर एक माणूस रोज उभा असतो, बोलत नाही, नुसता बघतो म्हणून? तू उशीला टेकून बसली होतीस. दुखण्यात किती दिवसांनी हसलीस! म्हणालीस, "अगंबाई! अगदी पुस्तकातल्यासारखं!" तुझा तो चेहरा बघून 'मला भीती वाटते' हे शब्द मी गिळले. तेव्हा एकदा तरी का नाही विचारलंस, तुला काय वाटतं म्हणून?

मग तो बसस्टॉपवरून आपल्या बिल्डिंगसमोर आला. तुझ्या तेराव्याला पंगतीत बसून जेवून गेला. बाबांना वाटलं, कंपनीतला कुणी असेल.

सोमवारी सकाळी कामाला जायला मी बिल्डिंगच्या गेटबाहेर पडले आणि तो पहिल्यांदाच बोलला. अगदी मऊ आवाजात. "सिनेमा कसा वाटला? शेवट बदलायला नको होता. पुस्तकात ती येते."

तो थिएटरात होता, आई! कुठल्या रांगेत?

धावतच बस गाठली. कंपनीत हेमाताईने माझा चेहरा पाहिला आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. "येवडे दिस गप का रायली? चल, आताच जाव. भिऊ नको, आमी हाय ना!" अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती माझ्याबरोबर पोलिस ठाण्यात आली. मी नुसती रडत होते. एकेक दिवस आठवायला लावून तिनेच माझ्याकडून सगळं लिहून घेतलं. तिथल्या मॅडमनी विचारलं, "तुम्ही त्याला कधी स्पष्ट नाही म्हणालात?"

म्हटलं, "त्यानं कधी विचारलंच नाही."

त्यांनी लिहायचं थांबून माझ्याकडे पाहिलं.

घरी बाबा एवढंच म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस, बाळा?" तुझं ते हसणं मी त्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही.

उद्या अकरा वाजता त्याला ठाण्यात बोलावलंय, आणि मलाही. बाबा येतील, हेमाताई येईल. त्यानंतर तो ऐकेल की नाही, कुणी सांगावं? मला अजून भीती वाटते, उद्याही वाटेल. पण तुला शब्द देते, मी बाबांच्या पाठीमागे उभी राहणार नाही. आवाज कापला तर कापू दे. त्याच्यासमोर, सगळं मीच सांगेन.

तुझी,
वर्षा