त्रेचाळीस वेढे

अप्पा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं होत आली आणि तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा पत्र लिहावं इतका लांब मी कधी गेलो नाही, आणि लांब गेलो तेव्हा तुम्ही नव्हता. आत्ता धाराशिवच्या स्टँडवर बसलोय. येडशीहून अक्का येतेय. तिला मोठा फोन घ्यायचाय आणि कोणता घ्यायचा ते मी सांगायचंय. घरात फोनमधलं कळणारा मी एकटा, असं तिला अजून वाटतं. परवा विचारत होती, "तुझ्यासारखाच घिऊ का रं? म्हंजी वही हिकडं घेता यील." वही म्हणजे तुमची वही. ती माझ्या फोनात आहे असं धरून ती चाललीय. ती तिथं नाही, अप्पा. चार महिने झाले, नाही. अक्का उतरायच्या आत हे तोंडातून कसं काढायचं ते मला जमवायचंय, म्हणून आधी तुमच्यापुढं मांडून बघतोय. तुम्ही मधे काही विचारणार नाही, एवढीच सोय.

दुकानाचा वास अजून नाकात आहे. जळक्या मोटरीचा, वार्निशचा, आणि तुमच्या चहाच्या स्टोव्हचा. मोटर जळून आली की तुम्ही आधी तिच्या खाचा मोजायचा, मग जुनी तार छन्नीनं तोडून बाहेर काढायचा, मग एकेका गुंडाळीत किती वेढे होते ते मोजून वहीत लिहायचा. कुणाची मोटर, किती खाचा, तार किती जाड, वेढे किती. नवी तार भरायची ती त्याच हिशेबानं. मी आठवीत होतो. तुम्ही कळंबला सामान आणायला गेला होता आणि भंगारवाल्याचा टेंपो आला. पोतं द्यायला सांगितलं होतं, ते मी दिलं, आणि दुकान स्वच्छ दिसावं म्हणून टेबलावरची तारही त्यातच कोंबली. तुम्ही आला, टेबलाकडं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "हितली तार?" मारलं नाही. लुनावर मागं बसवलं आणि फाट्यावर टेंपो गाठला. भर रस्त्यात पोतं उलटं केलं. भंगारवाला हसायला लागला. "मालक, जळकं तांबं हाय, सोनं न्हाय."

तुम्ही म्हणाला, "सोनं असतं तर सोडलं असतं."

परत येताना लुनाच्या आवाजात, मान न वळवता सांगितलेलं मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "जुनी तार वहीत चढल्याबिगर उंबऱ्याभाईर जात न्हाय. जळाली म्हून काय झालं? किती वेढे व्हते ते तिला एकलीलाच म्हाईत असतंय." मग मला पालथ्या डब्यावर बसवलं, पुढ्यात ती गुंडाळी टाकली आणि म्हणाला, मोज. मी मोजायला लागलो. तारेची तुटकी टोकं हाताला टोचत होती. रामलिंगाकडची माकडं तेव्हा उन्हाळ्यात वस्तीत यायची, त्यातलं एक पत्र्यावर कुणाची तरी शेंगांची पिशवी घेऊन बसलं होतं, आणि खाली ती बाई त्याला "आरं दादा, पिशवी तरी दे की" म्हणून हात जोडत होती. तसल्यात लक्ष कुणाचं राहील? बऱ्याच वेळानं तुम्ही विचारलं, किती? मी म्हणालो, त्रेचाळीस. तुम्ही लिहून घेतलं. या दिवसाचं अजून थोडं राहिलंय, ते शेवटी सांगतो.

तुमच्यामागं दुकान अक्कानं धरलं. दहावीपासून तुमच्याशेजारी बसून ती तार भरत होतीच, पण तुम्ही असताना ते कुणाला दिसत नव्हतं. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं आणि तिच्या डोक्यावरून आत बघायचं. "कारागीर कुठाय?" ही मान वर न करता म्हणायची, "म्होरंच बसलाय, चष्मा लावून बघा." मी बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धं सोडलं. तेरखेड्याला एक हंगाम फटाक्यांच्या खोक्यांना कागद चिकटवला, मग सोलापूर, मग हैदराबादला एका हॉटेलात, मग हंपी, मग गोवा. कुठंच मन लागत नव्हतं म्हणणं खोटं ठरेल. सगळीकडंच लागायचं, पण थोडे दिवस.

एका वर्षी दसऱ्याच्या तीन आठवडे आधी घरी आलो तेव्हा वहीची दशा बघितली. वार्निश सांडून पानं एकमेकांना चिकटलेली, उलटायला गेलं की पापडासारखी मोडायची. मी सतरा दिवस बसून ती सगळी फोनात चढवली. एक फुकटचं ॲप मिळालं होतं, रकाने पाडायचं. गाव टाका, खाचा टाका, की मोटर समोर. सतरा दिवस एका जागी बसलो याचं अक्कालाच नवल. खंडेनवमीला तिनं वाइंडिंगचं मशीन, पकडी, छन्न्या, वही असं सगळं पाटावर मांडलं आणि म्हणाली, "तुझा फोनबी ठिव. आता त्योबी हत्यारच की." त्याच्या पाठीवर हळदकुंकू लावलं. कव्हर पांढरं होतं, डाग कायमचा बसला. वहीची पानं तोवर चुरगळूनच गेली होती. मीच म्हणालो, आता ती फोनात आली, पाण्यात सोडून दे. घटाच्या निर्माल्याबरोबर तिनं ती सोडली. सोडताना म्हणाली, "येका कागदावर उतरवून दी की मला." मी म्हणालो, देतो.

दिलं नाही. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढायचं काम, अर्धा तास लागला असता. पण अक्काकडं बटणांचा फोन, म्हणून तिला दर वेळी मला विचारावं लागायचं, आणि मला ते आवडत होतं. हंपीत खडकावर बसलेलो असायचो आणि हिचा आवाज यायचा, "तीन एचपीची मोटर, चोवीस खाचा, ढोकीच्या पाव्हण्याची. बघ." मी बघून सांगायचो. आजूबाजूचे विचारायचे, काय रे हे? मी म्हणायचो, घरचं काम. माझ्यासारख्याला 'घरचं काम' म्हणता येणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल की नाही, माहीत नाही.

आता फोनचं. गोव्यात मी चार पोरांबरोबर पर्यटकांचे व्हिडिओ काढायचं काम करत होतो. त्यांच्याकडं सगळं एकाच घराण्याचं, आयफोन आणि त्याच कंपनीचे लॅपटॉप. एकानं काढलेला व्हिडिओ दुसऱ्याच्या फोनात क्षणात जायचा, तिसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडायचा. माझा अँड्रॉइड. माझ्याकडून व्हॉट्सॲपवर गेलेलं त्यांच्याकडं धुरकट पोचायचं. मला हवं होतं ते कापाकापीचं सॉफ्टवेअरही तिकडंच चालणारं. तुम्हाला समजेल असं सांगतो. बाहेरून दोन्ही मोटरी सारख्याच दिसतात, पण एकीला चोवीस खाचा, दुसरीला छत्तीस. एकीसाठी भरलेली गुंडाळी दुसरीत बसत नाही. म्हणून आपली गुंडाळी कोणती, म्हणजे आपलं काम कोणत्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते आधी बघायचं आणि मग फोन घ्यायचा. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी महिनाभर चौकशी केली, जिथं जाईन तिथं लोकांना पिडलं. पण सगळी चौकशी तिकडं गेल्यावर काय मिळेल याची. इकडं काय राहील हे एकालाही विचारलं नाही. दुकानदार म्हणाला, "सगळं जातंय, भाऊ. नंबर, फोटो, चॅटिंग, सगळं." आणि गेलंही. जुना फोन त्यानं बदल्यात घेतला, माझ्यासमोर कोरा केला. कव्हर काढून हातात दिलं आणि कुंकवाचा डाग बघून म्हणाला, "रक्त लागलंय का काय?" मी हसलो. तार उंबऱ्याबाहेर गेली आणि मी हसत बघत राहिलो, अप्पा. चार दिवसांनी अक्काचा फोन आला तेव्हा ते ॲप शोधायला गेलो. आयफोनवर ते ॲप नव्हतंच. जुना फोन कधीपासून विचारत होता, प्रत ठेवू का, प्रत ठेवू का, आणि मी दर वेळी 'नंतर' दाबत आलो होतो. दुकानदाराकडं पळालो. फोन पुढं गेला होता. गेला नसता तरी कोराच होता.

अक्काचा फोन गिरणीवाल्या मावशीच्या मोटरीसाठी होता. तीच, तुम्ही बांधलेली, कुठल्या तरी बंद पडलेल्या कंपनीची, जिचे आकडे कुठल्याच छापील पुस्तकात नाहीत. अक्कानं जुनी तार काढली आणि न मोजता भंगारात देऊन टाकली. तिनं नियम मोडला असं मी म्हणू शकत नाही. ती वहीत चढलेलीच होती की. वही माझ्याकडं होती.

"बघ लौकर," ती म्हणाली. "मावशी हितंच बसलीया. गावाचं दळण थांबलंय. म्हंती, ज्वारी काय तशीच फाकायची का?"

मागून मावशीचा आवाज आला, "त्याला म्हणावं, गोव्याचं समिंदर पळून जात न्हाय, आधी माझं बघ."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. नवी गुंडाळी भरून, बारीक करंट सोडून, चुकत माकत का होईना अक्कानं आकडा काढला असता. तिला ते येतं. मी म्हणालो, थांब, बघतो. फोन कानाला तसाच धरून समुद्राकडं बघत बसलो, बघत असल्यासारखा. मग म्हणालो, त्रेचाळीस. आख्ख्या वहीतला तेवढाच आकडा मला पाठ होता.

वेढे कमी पडले की मोटर तापते. अकराव्या दिवशी ती जळाली. मावशी दुकानात आली आणि चारचौघांत म्हणाली, "तुज्या बापानं बांधलेली बारा वर्सं चालली बाई, तुजी बारा दिसबी न्हाय." हे मला अक्कानंच सांगितलं, हसत सांगितलं, आणि मग म्हणाली, "माजाच हात चुकला आसंल. न्हायतर तू सत्तेचाळीस म्हन्लास आन्‌ म्या त्रेचाळीस ऐकलं आसंल. गिरणीचा आवाज कानात बसलाय माज्या." मी तिला तसंच वाटू दिलं. तेव्हापासून ती प्रत्येक गुंडाळी दोनदा मोजते, असं शेजारचा चहावाला सांगत होता. दोन मोटरी परस्पर धाराशिवला गेल्या, तेही त्यानंच सांगितलं. आणि आता स्वतःच्या कानावर भरवसा नाही म्हणून ती फोन घ्यायला येतेय, म्हणजे आकडा डोळ्यांनी दिसेल. कोणता घेऊ, असं मला विचारतेय.

ती 'सत्तेचाळीस' का म्हणाली ते मला कळलं नाही असं नाही. उगाच तोंडाला आला असेल, किंवा तिनं त्या भंगारवाल्याच्या दिवसाचं पान बघितलं असेल. वही चढवताना मलाही ते पान लागलं होतं. त्रेचाळीस, तुमच्या अक्षरात, आणि त्यावर एक आडवी रेघ. शेजारी बारीक अक्षरात सत्तेचाळीस. म्हणजे मी गेल्यावर तुम्ही त्या डब्यावर बसून सगळी गुंडाळी परत मोजली. मला कधी म्हणाला नाहीत. मला तेव्हा, टायपिंग करताना, बरं वाटलं होतं, की वाचलो. आता वाटतं, एक थोबाडीत मारायला पाहिजे होती. की नको? माहीत नाही. तुम्ही रेघ मारायला आहात म्हणून मी आजवर काहीही सांगत आलो, आणि तुम्ही नसल्याला नऊ वर्षं होत आली.

येडशीची गाडी लागली. अक्का उतरतेय. खांद्याला पिशवी, चष्मा डोक्यावर, आणि हातात घडी केलेला कागद. त्यावर मी आजवर फोनवर सांगितलेले सगळे आकडे तिनं लिहून ठेवलेत, नव्या फोनात पडताळून बघायला, असं परवा म्हणत होती. लांबून मला बघितलं आणि तिथूनच ओरडली, "काय रं, एवढं काय लिव्हतोयस? कुणाला?"

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. फोनातच राहील, आणि फोनाचं काय होतं ते आता तुम्हाला माहीतच आहे. कुंकवाचं कव्हर मात्र पिशवीत आहे. फोनच्या दुकानात शिरायच्या आधी तिला चहा पाजतो आणि सांगतो. गिरणीचं एकदम तोंडातून निघणार नाही, म्हणून लहान गोष्टीपासून सुरुवात करतो, जी तुम्हाला त्याच दिवशी कळली होती. माकड पत्र्यावर आलं तेव्हा मी चौतिसावर होतो, अप्पा. त्याच्यापुढं मी मोजलंच नव्हतं.