अनामिकेचं टोक

हेरेस, ९ सप्टेंबर १९८६

चि. फेर्मिन यास,
आशीर्वाद, आणि त्यापेक्षा जास्त अक्कल येवो, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चार पानं, आणि बातमी एवढीच की टाके निघाले. एखादा सरदार वारला तरी वर्तमानपत्रं जेवढी जागा देत नाहीत, तेवढी तू बोटाच्या एका टोकाला दिलीस.

टोक गेलं ते वाईटच. डाव्या हाताची अनामिका गेली की गिटारवाल्याचं अडतं, हे मला कळतं. गिटारवाल्या बाबांच्या घरात मीही वाढले. पण ते गेलं कसं, हे मला तुझ्या मॅनेजरकडून कळलं. तू नुसतं ‘अपघात’ लिहिलंस. तो म्हणाला, बाई गायला बसली होती, तुझ्यावर दिवा नीट पडत नव्हता, म्हणून तू घडीची खुर्ची खालून धरून पुढे ओढलीस, थेट तिच्याही पुढे, आणि बोट बिजागरीत असतानाच सगळा भार टाकून बसलास. साथीदाराने गाणारीच्या बाजूला, जरा मागे बसावं आणि तिच्या तोंडाकडे बघावं, हे आपल्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तू जन्मभर लोकांकडे बघत वाजवलंस.

बाकी क्षेम. आंगुस्तियास आत्याचे गुडघे तसेच आहेत आणि जीभही तशीच. गावच्या संगीत मंडळाने नोव्हेंबरात तिच्या गाण्याची संध्याकाळ ठरवली आहे. तिचे यजमान, आपले काका, गेल्यापासून ती चारचौघांत गायलेली नाही. यंदा ‘बघू’ म्हणाली, म्हणजे मनातून कधीच तयार झाली आहे.

गिटार विकण्याची घाई करू नकोस. जेवत जा.

तुझी ताई,
रेमेदियोस

*

माद्रिद, २० सप्टेंबर १९८६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जखम पुन्हा उघडली. मॅनेजरने काय सांगितलं ते सांगितलं, खुर्चीची बिजागरी सैल होती हे मात्र सांगितलं नाही.

प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. आधी रबराची टोपी घातली, ती तारेवर घसरते. मग ओळखीच्या दाताच्या डॉक्टरने कवळीच्या मसाल्याचं टोक करून दिलं. अगदी नखासकट, दिसायला माझ्या मूळ बोटापेक्षा देखणं. दुसऱ्याच गाण्यात ते उडालं आणि पुढच्या टेबलावरच्या जर्मन गृहस्थांच्या सूपमध्ये पडलं. ते सज्जन होते, धुऊन परत दिलं. मॅनेजर म्हणतो, ‘साडेनऊ बोटांचा जादूगार’ अशी पाटी लावू, गर्दी होईल. मी त्याला काय म्हणालो ते तुला लिहिण्याजोगं नाही.

आता अनामिकेचं काम करंगळीला देऊन बघतो. साधे सूर लागतात. पण वेगाच्या जागा, ज्यांच्यासाठी लोक मला ओळखायचे, त्या गेल्या त्या गेल्याच. आणि नसलेलं टोक थंडीत दुखतं, हा निराळाच विनोद.

धाकटीच्या नवऱ्याने, म्हणजे आपल्या मेहुण्यांनी, इथल्या एका इमारतीत माझ्यासाठी दारवानाची जागा बघितली आहे. टोपी आणि पितळी बटणं मिळतील. गिटारला गिऱ्हाईकही आलं आहे.

आत्याला माझा नमस्कार सांगू नकोस, ती उलटून काहीतरी बोलेल.

माया असू दे. सध्या तिची गरज आहे.

फेर्मिन

*

हेरेस, १ ऑक्टोबर १९८६

चि. फेर्मिन यास,
अ. आ. वि. वि.

मी नमस्कार सांगितला आणि आत्या उलटून बोलली. पण जे बोलली त्याने मीही चाट पडले. मंडळाचे लोक विचारायला आले होते, साथीला कोण हवा. तिने तुझं नाव घेतलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेजारच्या लोलाच्या लग्नात तिने भर मांडवात काय म्हटलं होतं ते कोणी विसरलेलं नाही. तुझ्या साथीपेक्षा शेजारी गवंडी भिंत फोडत असला तरी मी सुखाने गाईन, असं म्हणाली होती.

मी कारण विचारलं. तिने ते तुला लिहायला सांगितलं, आणि शाळेतल्या भाषेत सजवू नकोस अशी तंबीही दिली. तेव्हा जसं बोलली तसं देते.

ती म्हणते, पोरा, हात तुझा बापासारखाच होता, ते मी कधी नाकारलं नाही. पण मी श्वास घ्यायला थांबले की तेवढ्यात तू तिथे दुकान मांडायचास. मी परत तोंड उघडेपर्यंत गिऱ्हाइकं तुझ्याकडे वळलेली असायची. लोलाच्या लग्नात माझा पुढचा चरणच विसरायला झाला, तो तुझ्यामुळे. आता ऐकते की तुझा माल संपला. बरं झालं. उरलंय तेवढं मला पुरतं. माझा श्वास आता तोकडा झालाय, मी मधेमधे थांबणार. ती जागा भरता येणार नाही असाच माणूस मला हवा. ये.

हे सांगून ती वाटाणे सोलायला बसली.

मला यात भर घालायची नाही. गाडीची वेळ कळव.

रेमेदियोस

*

माद्रिद, ११ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी येणार नाही.

आत्याला सांग की लंगडा घोडा पळत नाही म्हणून त्याला नांगराला जुंपतात, ते घोड्याला आवडतं असं नाही. ज्या हातासाठी लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे, तो हात मोडला म्हणून ती खूश आहे, आणि तूही ते कागदावर उतरवून पाठवलंस. परक्यांनी निदान फुलं पाठवली.

रविवारी गिऱ्हाईक गिटार न्यायला येणार आहे. सोमवारपासून मी टोपी घालतो.

विषय संपला.

फेर्मिन

ता. क. ती अजून जुन्याच पट्टीत गाते का? सहज विचारतो.

*

हेरेस, १९ ऑक्टोबर १९८६

चि. फेर्मिन यास,
आशीर्वाद. टोपी डोक्याला बसली असेल अशी आशा.

तुझा नकार आत्याला सांगितला. बरं, म्हणाली, मग मीही गात नाही. मंडळाने तिची समजूत काढायला एक तरुण वादक आणला. त्याला दहा बोटं आहेत आणि तो वीस वापरतो. आत्याने एक गाणं त्याच्याबरोबर म्हटलं आणि मग विचारलं, बाळा, तुझी गाडी सुटतेय का? त्यानंतर ती खोलीत गेली. आता संध्याकाळ रद्द करायची का, हे मंडळ मला विचारतं आहे. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.

फेर्मिन, ती ऐंशीच्या घरात आहे. पुढच्या वर्षी तिला पुन्हा मनात येईल असं मी धरून चालत नाही, तूही चालू नकोस. तुला घोड्याचा अपमान झाला असं वाटतं. तिला गायचं आहे आणि तुझ्याशिवाय ती गाणार नाही. यातलं मोठं काय ते ठरव. गिटार गिऱ्हाइकाच्या हातात गेलीच असेल तर मंडळातली एखादी मागून घेऊ.

पट्टी बरीच उतरली आहे. सहज विचारलंस म्हणून सहज सांगते.

रेमेदियोस

*

माद्रिद, २५ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप परत पोचलो. गाडीत एकाने माझ्या बोटाकडे बघून कुत्रा चावला का विचारलं. मी हो म्हणालो.

आत्याच्या गाण्याच्या संध्याकाळी तू पहिल्या रांगेत तपासनीसासारखी बसली होतीस आणि नंतर मला फक्त ‘शर्ट बदल, घामाने भिजलाय’ एवढं म्हणालीस. म्हणून काय झालं ते मीच सांगतो.

पहिली दोन गाणी मी चोरासारखी वाजवली. तीन बोटं, डावीकडे उरलेली तेवढीच, आणि उजवा अंगठा. तिसऱ्याला, त्या जुन्या संथ, दुःखाच्या सोलेआ गाण्यात, आत्या मधल्या चरणावर थांबली. मला वाटलं, श्वास घेते आहे. पण ती पुढे जाईना. पूर्वी मी तिथे धो धो ओतलं असतं. सवयीने हात गेलासुद्धा, पण अनामिका तारेपर्यंत पोचली नाही. तेव्हा मी थांबलो आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून तिच्या तोंडाकडे बघितलं. ती विसरली नव्हती, ताई. तिचे ओठ हलत होते. काकांचं नाव घेत होती बहुतेक, मला नीट कळलं नाही. मी अंगठ्याने एकच खालची तार धरून ठेवली. मग तिचा आवाज उठला तो वरच्याच सुरात उठला, आणि मागे कोणीतरी ताडकन उभं राहताना खुर्ची पाडली.

शेवटी ती मला काय म्हणाली ते तुला ऐकू गेलं नसेल. म्हणाली, गधड्या, इतकी वर्षं कुठे होतास?

आता माझी अडचण ऐक. तेच गाणं मी तिच्यासाठी पोरवयापासून वाजवत आलो, आणि त्याचे शब्द मला येत नाहीत. शेवटच्या कडव्यातली बाई दार का उघडत नाही, तेही माहीत नाही. तिला विचारून तेवढे लिहून पाठव. दारवानाच्या खुर्चीवर बसून पाठ करीन. गिटार विकली नाही, मेहुण्यांना अजून सांगितलेलं नाही.

ओरडा कमी आणि लोभ जास्त, असं जमलं तर बघ.

फेर्मिन

*

हेरेस, ४ डिसेंबर १९८६

चि. फेर्मिन यास,
आशीर्वाद वि. वि.

मी वही घेऊन आत्याजवळ बसले. दोन ओळी मिळाल्या. तिसरीला ती अडखळली, चौथीला चिडली. म्हणते, बोलून आठवत नाही, गाताना आपोआप येतं, आणि गायचं तर साथ हवी. मी म्हटलं, मंडळातला कोणी बोलावते. ती म्हणाली, तुझ्या त्या थोट्याला बोलाव.

नाताळात आपल्या अंगणात शेजारपाजारचे जमतील, नेहमीसारखे. आत्या बसणार आहे. मेहुण्यांना आजच सांग, म्हणजे ते टोपी दुसऱ्या कोणाला देतील. माद्रिदचं बिऱ्हाड आवर. मागच्या खोलीत मी इस्त्रीचं टेबल ठेवलं होतं, ते काढलं आहे. खिडकी घट्ट बसते, वारा येत नाही, बोट दुखणार नाही.

तू बरं वाजवलंस. हे मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेव.

तुझी ताई,
रेमेदियोस