वसाहतींची पुस्तकं आणि आत्याचं कपाट

ती. आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (काकांकडचा उंच जिना तू रोज चढतेस, असं काकूने फोनवर सांगितलं. इथे तीन पायऱ्यांना कण्हायचीस, म्हणजे तिकडची हवा मानवलेली दिसते.) इकडे सगळे मजेत. आई माझ्याशी बोलत नाही आणि बाबा जरा जास्तच बोलतात, एवढंच.

हवापालटासाठी म्हणून गेलीस ती अजून परतली नाहीस. आईचं म्हणणं, माझ्या पुस्तकांनी तुला घराबाहेर काढलं. हा आरोप मला फार लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

युरोपातली माणसं समुद्रापलीकडे अमेरिकेत जाऊन कशी वसली, यावरची जुनी पुस्तकं मी का जमवते हे तुला ठाऊक आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझी काही जबाबदारी आहे. अन्याय तलवारीने नाही, गोड बोलण्याने सुरू होतो, हे जगाला कळायला हवं. ही मंडळी गलबतातून उतरली, किनाऱ्यावर टेकण्यापुरती जागा मागितली, तिथल्या लोकांनी पाहुणे समजून दिली. पुढे मण्यांच्या माळा देऊन आणखी घेतली. आणि पुस्तकात काय लिहिलं? तर जमीन रिकामीच होती! रिकामी म्हणे! अगं, माणसं राहत होती तिथे. मी तुला हे वाचून दाखवलं तेव्हा तू पदराने डोळे पुसले होतेस.

आता आपल्या घराचं. पहिली चार पुस्तकं तुझ्या कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवली, ती तुला विचारून. "ठेव की बाई," असं तूच म्हणालीस. किती फळ्या, ते बोलणं झालं नव्हतं. वरच्या फळीच्या वेळी मी तुला निळ्या मण्यांची माळ आणली, ती निव्वळ प्रेमापोटी. तिचा इथे संबंध जोडू नये. तुझ्या साड्या ट्रंकेत हलवल्या, कारण ट्रंकेत कसर लागत नाही. खाटेखालची जागा तर कुणी वापरतच नव्हतं. (तुझ्या चपला होत्या, पण चपलांचं काय, त्या कुठेही राहतात.) खाटेवर जाडजूड पुस्तकं पसरली ती दमट होती म्हणून. तू स्वयंपाकघरात झोपायला लागलीस, ते तिथे ऊब असते म्हणून, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्यातल्या एका पुस्तकातला घडीचा नकाशा फार चुरगळला होता. बाबांनी तो आपल्या इस्त्रीच्या दुकानात नेला, शर्टाच्या सवयीने पाणी शिंपडलं, इस्त्री ठेवली आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिले. आता त्या मुलखाच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचं तपकिरी तळं आहे. पण आमच्या इतिहासाच्या सरांनी भिंगातून पाहून सांगितलं, हे तळं दुसऱ्या कोणत्याच प्रतीत नाही, यावर निबंध लिही. त्यांना खरं सांगायला हवं, पण ते इतके खूश होते! बाबा तेव्हापासून विचारतात, "ताईसाहेब, डोंगर कुठे काढू?"

परवा वाचनालयात मी भाषण केलं: पाहुणे म्हणून आलेले घरच्यांना बाहेर कसे काढतात. टाळ्या पडल्या. आई मागच्या रांगेत होती. तिने वाजवल्या नाहीत.

मला कॉलेजात घालावं म्हणून तू बाबांशी अबोला धरला होतास, हे मी विसरलेले नाही. माझ्या बाजूने तो धरायलाही आता घरात कुणी नाही. तू ये.

तुझी लाडकी (निदान होते ती),
भाची

ता. क. तुझ्या ट्रंकेची किल्ली तुझ्याबरोबरच गेली आहे. ती तेवढी टपालाने पाठव. बारा भागांचा एक दुर्मीळ संच येतो आहे, आणि ट्रंक तशी रिकामीच आहे.

ता. क. २. पाकीट डकवण्याआधी पत्र बाबांनी वाचलं. "ट्रंक रिकामी म्हणे!" एवढंच बोलून ते हसत दुकानात गेले. मग मीही पुन्हा वाचलं. आत्या, किल्ली पाठवू नकोस. किल्ली घेऊन तूच ये. कपाटातली पुस्तकं आजच काढते.

ता. क. ३. एक फळी मोकळी झाली. येताना सामान मात्र बेतानंच आण. संच आत्ताच आला.