गाव सोडून गेलेलं मूल

कोल्हापूर,
२८ ऑक्टोबर २००१

चि. निशा हिला आशीर्वाद, आणि आक्काताईंना माझा जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. आक्काताईंचे गुडघे पुन्हा धरलेत असं लिहितेस. गडहिंग्लजला आता थंडी पडायला लागली असेल. त्यांना सकाळी नळावर जाऊ देऊ नकोस, तू शाळेत शिकवायला जायच्या आधी पाणी भरून ठेवत जा.

तालमी बऱ्या चालल्यात. पिराजीरावांचं पाठांतर अजून कच्चं आहे, पण चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायची लकब त्यांनी अशी उचललीय, की गणपतराव डॉक्टरच समोर उभे राहिल्यासारखे वाटतात. हगवणीवरची पूड शोधून जिल्ह्यातली हजारो पोरं वाचवणाऱ्या माणसावर नाटक म्हटल्यावर शाळांनी आत्तापासून जागा सांगून ठेवल्यात.

आता वाईट बातमी. संहिता मुंबईहून परत आली. शिक्का बसला, पण दुसऱ्या अंकातला तुझा प्रवेश परीक्षण मंडळानं कापलाय. आक्काताई दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना जाब विचारतात, तो. हयात माणसाची बदनामी होते, असं कारण दिलंय. शिक्क्याच्या प्रतीत नाही असं एक वाक्य जरी बोललं तरी राज्य नाट्य स्पर्धेतून बाद, हे तुला सांगायला नको.

तू स्वतःच्या आईची, आक्काताईंची भूमिका कशासाठी घेतलीस ते मला ठाऊक आहे. बावीस वर्षांपूर्वी तुझा दोन वर्षांचा भाऊ संघर्ष गेला आणि डॉक्टरांच्या वहीत त्याच्या नावापुढं ‘गाव सोडले’ असं लिहिलं गेलं. त्या वेळी मी डॉक्टरांकडे नोकरीला होते. माझ्याकडची कार्बन प्रत मीच तुम्हाला दाखवली. आक्काताई त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या होत्या, "गाव सोडून गेलतं व्हय माझं पोर? दोन वर्साचं! चालत गेलतं, का येस्टीनं?" मला जन्मात सुचलं नसतं असं वाक्य. जसंच्या तसं घातलं होतं. तेच गेलं.

वाईट वाटून घेऊ नकोस. नदीच्या घाटावर पाणी भरायचा तुझा प्रवेश आहेच. परवा डॉक्टरांना भेटून आले, चहा झाला. तब्येत ठीक आहे त्यांची. प्रयोगाला येणार म्हणाले.

तुझी,
विजयाताई

*

कोल्हापूर,
११ डिसेंबर २००१

चि. निशा,

निकाल तुला पेपरातून कळला असेलच. केंद्रातून आपण पहिले. फेब्रुवारीत अंतिम फेरी. तुला अभिनयाचं प्रमाणपत्र आहे, मी जपून ठेवलंय.

तू प्रयोगानंतर लगेच निघालीस. पिराजीराव मागं धावले, "अगं पोरी, फोटो तरी काढून जा की!" तू वळलीस ती माझ्याकडे. "ताई, त्या घाटावर तुम्ही मला नुसतं पाणी भरायला लावलंत." सगळ्यांसमोर म्हणालीस. मला राग नाही आला. आला असता तर बरं झालं असतं.

घागर भरल्यावर तू जायचं होतंस. तू गेली नाहीस. पहिल्या रांगेत बसलेल्या डॉक्टरांकडे बघत उभी राहिलीस. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण खोकणारी माणसंसुद्धा खोकायची थांबली. परीक्षकांना तो अभिनय वाटला. माझ्या मावशीचा नातू महावीर जयसिंगपूरहून आला होता. चांगला चोवीस वर्षांचा बाप्या, ट्रॅक्टर विकतो, तो मला म्हणाला, "मावशी, ती बाई नुसती उभारली तर मी खाली मान घातली बघ."

शेवटी डॉक्टरांना शाल दिली. मानपत्रातलं ते नेहमीचं वाक्य वाचलं गेलं: पूड घेतलेल्या एकशे बारा मुलांपैकी एकही दगावलं नाही. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

डॉक्टर जाताना माझ्यापाशी थांबले. "बाई, तो प्रवेश?" म्हणाले. "मंडळानं कापला, सर." त्यांनी शाल काढून घडी घातली, काखेत धरली आणि गेले.

अंतिम फेरीला तू नाही म्हणू नकोस. आक्काताईंना जप.

विजयाताई

*

कोल्हापूर,
६ जानेवारी २००२

निशा,

तुझं पाकीट परवा आलं. अर्ज वाचला. ‘आमच्या मुलाच्या मरणाचा प्रवेश नाटकात परत घालावा ही विनंती.’ खाली आक्काताईंचा अंगठा. निळी शाई जरा पसरलीय, त्यांनी जोर लावून उठवला असणार. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितेस, ‘ताई, मंडळात कोणाकडे द्यायचा ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही हातानं द्या.’

मी तो दिलेला नाही. द्यायचं कारण नाही. या पत्रासोबत संहितेची चार पानं पाठवतेय. तुझा प्रवेश. प्रत्येक पानावर मंडळाचा शिक्का आहे. कुठं खूण नाही, काट नाही. मंडळानं तो जसाच्या तसा पास केला होता.

कापला मी.

डॉक्टरांनी धमकावलं असेल, असं तुला वाटेल. तसं असतं तर मी तुला लगेच लिहिलं असतं, अगदी मिटक्या मारत लिहिलं असतं. मी त्यांना संहिता वाचायला दिली होती. ऑक्टोबरात गेले तेव्हा ती त्यांच्या मांडीवर होती. म्हणाले, "प्रवेश ठेवा, बाई. मी तसं लिहिलं हे खरं आहे. त्या वर्षी दिल्लीला निकाल पाठवायचा होता, एका पोरासाठी सगळी पूड नापास झाली असती. मरायच्या आधी कुणीतरी माझ्या तोंडावर बोललेलं बरं." मग चष्मा पुसत बसले. "फक्त एक सांगा. त्या घरी पाकीट तुम्ही दिलंत. यादीप्रमाणं त्या पोराला पुडीचं पाकीट होतं. त्यानं पूड घेतली होती ना?"

मी म्हणाले, "हो, सर."

"मग गेलं कसं? बावीस वर्षं मी हेच शोधतोय."

चहा आला. मी प्याले.

आता लिहायचं ते लिहिते. त्या पावसाळ्यात पूर ओसरल्यावर गावात हगवण आली. डॉक्टरांनी मुलांना नंबर दिले होते. निम्म्या पाकिटांत त्यांची पूड, निम्म्यांत तांदळाचं पीठ आणि साखर. कोणत्या नंबरात काय, ते त्यांच्या कपाटातल्या यादीत. गावाला हे सांगायचं नाही, सरकारी औषध आहे म्हणायचं, असा त्यांचा हुकूम होता. मी बावीस वर्षांची होते, मला ते शास्त्र वाटायचं. पण त्या दमट हवेत पूड ओल धरून गोळा व्हायची आणि पीठ सुटं राहायचं. पाकीट चिमटीत दाबलं की मला कळायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही.

मी मावशीकडे राहत होते. महावीरलाही हगवण लागली होती. त्याच्या नंबरचं पाकीट मी दाबून पाहिलं, सुटं होतं. संघर्षचं दाबलं, गोळा झाला होता. मी दोन्हींची अदलाबदल केली. वहीत नंबर तसेच ठेवले.

इथं मी मावशीच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं, "विजे, आपल्या पोराला चांगलं दे की गं." या पत्राच्या पहिल्या दोन खर्ड्यांत ते होतं. दोन्ही फाडले. मावशी असं म्हणाली नव्हती. ती चुलीपुढं होती, तिला पाकिटांत फरक असतो हेही माहीत नव्हतं. कोणी काही म्हणालं नाही. पोर आमचं होतं, आणि तुमचं घर गावाबाहेर होतं, इतकंच. तुमच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून मी आक्काताईंच्या हातात पाकीट वरून सोडलं. "ह्यानं बरं वाटंल न्हवं, बाई?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी संघर्ष गेला. महावीर बरा झाला.

म्हणजे ते टाळ्यांचं वाक्य खरं आहे, निशा. पूड घेतलेलं एकही मूल दगावलं नाही. डॉक्टरांनी आपली पूड हरली असं समजून वहीत खोटं लिहिलं. मी ते पाहिलं आणि गप्प राहिले, कारण त्यांच्या खोट्याखाली माझं खोटं झाकलं जात होतं. मी तेव्हा बोलले असते तर त्यांना खोटं लिहावंच लागलं नसतं. नाव मिळालं असतं ते खरं मिळालं असतं.

मग इतक्या वर्षांनी मी तुमच्याकडे कार्बन प्रत घेऊन का आले? मला वाटलं, दुसऱ्याचा गुन्हा स्टेजवर उभा केला की माझा हलका होईल. तुम्हाला रागवायला एक माणूस आणून दिला. तुम्ही मला घरात घेतलंत, भाकरी वाढलीत. तू माझ्या शब्दांवर आईचं दुःख पाठ करायला लागलीस. डॉक्टर त्यांच्या वाट्याचं ऐकायला तयार निघाले तेव्हा माझी पळापळ झाली, कारण त्या प्रवेशाला पुढची ओळ लागत होती आणि ती माझी होती.

अंतिम फेरीत ही चार पानं हवी तर करता येतील, शिक्का आहे. पण तशी केलीत तर डॉक्टर एकटेच दोषी ठरतील, आणि ते आता मला लिहवत नाही. पुढची ओळ मी लिहिलीय. ती आजच मंडळाकडे पाठवली. डॉक्टरांनाही सगळं कळवलं, दोन्ही पत्रं एकाच वेळी पेटीत टाकतेय. नाटक करायचं की नाही, आणि कसं, हे तू ठरव. लेखिका म्हणून माझं नाव राहिलं नाही तरी चालेल, पण त्या ओळीतून ते निघता कामा नये.

आक्काताईंना यातलं काही वाचून दाखवू नकोस. हे माझ्या सोयीसाठी मागत नाही. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचा हक्क आहे. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते. मी आले की बस म्हणू नकोस. पाणी देऊ नकोस. दारातच, उभ्यानं सांगेन. त्या जे म्हणतील ते ऐकून घेईन आणि त्यांनी जा म्हटल्यावरच निघेन.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. खाली ‘ताई’ही लिहीत नाही.

विजयमाला