तुटल्या फितीवरचा तळवा

४ जून
लागली एकदाची नोकरी! आईला फोनवर सांगितलं, धातूची काच बनवतात इथे. म्हणाली, काच फोडण्यात तू पटाईत, बनवणार कशी? वितळलेल्या धातूची धार गरगरत्या तांब्याच्या चाकावर सोडायची. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती गोठते. अणूंना रांगेत उभं राहायला सवडच मिळत नाही, असतील तिथेच थिजतात. समोरून चकचकीत फीत बाहेर पडते, पोलादाहून कणखर. प्रयोगशाळेचे सर मोकळ्या स्वभावाचे वाटले. चाक चालवणारे मेस्त्री मात्र घुमे.

९ जून
माझ्या टेबलावर आधी जी बसायची तिला सगळे ताई म्हणत. चाकाजवळ अंगावर वितळलेला धातू उडाला, त्यातच गेली बिचारी. चाकापुढची जाळी तिनेच काढली होती, असं सर म्हणाले.
आज फिती ताणून तोडल्या. साधी तार तुटण्याआधी लांबते, बारीक होते. ही आतल्या आत तिरकी घसरते आणि काडकन तुटते. तुटल्या तोंडावर मायक्रोस्कोपखाली शिरांसारखी नक्षी दिसते; ती असतेच, दर तुकड्यावर वेगळी. इथे मात्र सगळ्यांवर एकच. हुबेहूब तळहाताच्या रेषा, मधोमध आडवा व्रण.

१४ जून
मेस्त्रींना नक्षी दाखवली. तो व्रण ताईच्या हातावर होता म्हणाले. मग सगळंच बाहेर पडलं. पाहुण्यांना फीत नीट दिसावी म्हणून जाळी सरांनीच काढायला लावली होती. ताई नको नको म्हणत होती. चौकशीत मेस्त्रींनी सरांची री ओढली, पोटाचा प्रश्न. शुद्ध होती तोवर ती एकच विचारत होती म्हणे — मेस्त्री, तुम्ही तरी खरं सांगाल ना?

१७ जून
मेस्त्री दवाखान्यात. जाळी लावलेली होती, मी समोरच होते. फीत जाळीतून बाहेर आली आणि — त्यांची जीभ. फक्त जीभ. ओठांवर ओरखडासुद्धा नाही.

१८ जून
चौकशीची माणसं आली. त्याआधी सरांनी मला बोलावलं. जाळी मेस्त्रींनी काढली होती एवढंच सांग, तुझी नोकरी पक्की. नाहीतर जुनी प्रकरणं उकरतील.
सांगितलं.

२० जून
सर गेले. भर दुपारी, आपल्या खोलीत, दाराला आतून कडी. नमुन्याच्या फिती गळ्याभोवती वितळून घट्ट बसलेल्या. त्या मऊ व्हायला भट्टी लागते. खोलीत साधी शेगडीही नव्हती.
खरं सांगू? बरं वाटलं. चांगली जिरली. सूड पुरा झाला ताईचा.

२१ जून
पुरा नाही झाला.
वीज तोडली आहे. चाक फिरतंय.

२२ जून
चौकशीवाल्यांना फोन केला. आवाजच फुटेना — जीभ जड, तोंडात तांब्याची चव —

संध्याकाळ
दाराच्या फटीतून काहीतरी चकाकतंय. आत येतंय —
ताई, ऐक, बोलता येत नाही म्हणून लिहून देते. मी खोटं बोलले. सरांनी सांगितलं म्हणून. मेस्त्रींचा दोष नव्हता, जाळी मेस्त्रींनी काढली —